आधी सीट शोधा, पॉइंट्स नंतर हलवा

मागच्या अंकात माइल्स (म्हणजे एअरलाइनचे पॉइंट्स) आणि कार्डाच्या पॉइंट्सवर विमानाचं तिकीट काढण्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यानंतर एवढे प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. बरेच प्रश्न सारखे होते म्हणून एकत्र केलेत, कुणाचा राहिला असेल तर त्याचं उत्तर बहुतेक दुसऱ्याच्या उत्तरात सापडेल.

प्रश्न: ताई, माझ्या क्रेडिट कार्डावर 80 हजार पॉइंट्स साठलेत. बँकेचा मेसेज आलाय की या महिन्यात अमुक एअरलाइनकडे ट्रान्सफर केले तर 30 टक्के बोनस. कुठे जायचं ते अजून ठरलं नाहीये पण ऑफर हातची जायला नको म्हणून करून टाकू का?

उत्तर: नका करू. म्हणजे आज तरी नका करू. कार्डाचे पॉइंट्स कार्डावर असतात तोवर ते पाच-दहा वेगवेगळ्या एअरलाइन्सकडे जाऊ शकतात आणि तीच त्यांची खरी ताकद असते, एकदा का ते एका एअरलाइनचे माइल्स झाले की परत येत नाहीत, बँकेला कितीही विनवण्या केल्या तरी नाही. एकास एक रेट धरला तर तुमच्या 80 हजारांचे 1 लाख 4 हजार होतील हे खरं, ऐकायला छान वाटतं, पण ज्या गावाला ज्या तारखेला जायचंय तिथे त्या एअरलाइनची अवॉर्ड सीटच, म्हणजे माइल्सवर मिळणारी सीटच, निघत नसेल तर त्या 1 लाख 4 हजारांचं करायचं काय?

क्रम उलटा लावा. आधी कुठे आणि साधारण कधी ते ठरवा, मग ज्या ज्या एअरलाइनकडे तुमचे पॉइंट्स जाऊ शकतात त्यांच्या साइटवर जाऊन माइल्सवाली सीट शोधा, सापडली की तिथेच थांबू नका, प्रवाशाचं नाव भरायच्या पानापर्यंत पुढे जा, टॅक्स किती लागतोय तो आकडा डोळ्याने बघा, आणि मग पॉइंट्स हलवा. त्या एअरलाइनचं अकाउंट मात्र आधीच उघडून ठेवा, आणि त्यावरचं नाव बँकेतल्या नावाशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे, मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही एवढ्यावरून ट्रान्सफर अडकलेली मी बघितलीय. काही ट्रान्सफर पाच मिनिटांत होतात, काहींना दोन-तीन दिवस लागतात, आणि त्या दोन-तीन दिवसांत सीट तुमच्यासाठी थांबत नाही. काही एअरलाइन्स फोनवर सीट थोडे दिवस होल्डवर ठेवतात, तशी सोय असेल तर आधी होल्ड आणि मग ट्रान्सफर, याच्यासारखं सुख नाही.

माझ्यावर एकदा हे बेतलंय म्हणून एवढं कळकळीने सांगतेय. स्क्रीनवर बिझनेस क्लासच्या दोन सीट स्वच्छ दिसत होत्या, मी 60 हजार पॉइंट्स हलवले, नावं भरली, पेमेंटच्या पानावर एरर. पुन्हा केलं, पुन्हा एरर. फोन लावला तर एजंट म्हणाली मॅडम ही सीट आमच्याकडे नाहीच, साइटवर जुनी माहिती दिसतेय. याला या दुनियेत फँटम सीट म्हणतात, दिसते पण नसते. ते 60 हजार माइल्स मग दीड वर्ष तसेच पडून राहिले आणि शेवटी मला नको असलेल्या तारखांना वापरले. तेव्हापासून मी तीच सीट दुसऱ्या पार्टनरच्या, म्हणजे तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या एअरलाइनच्या, साइटवर पण दिसते का ते बघते. उदाहरणार्थ लुफ्थान्साची सीट युनायटेडवर दिसली तर तीच एअर कॅनडाच्या एअरोप्लान या माइल्स प्रोग्रामवर शोधायची, दोन्हीकडे दिसली तर खरी असायची शक्यता बरीच वाढते. तरीही शंका वाटली तर फोन करून फ्लाइट नंबर आणि तारीख सांगून विचारायचं, दहा मिनिटं जातात पण पॉइंट्स वाचतात.

बोनस वाईट नसतो. सीट आधीच सापडलेली आहे आणि योगायोगाने त्याच एअरलाइनला बोनस चालू आहे, तर मग घ्याच, 80 हजारांचं तिकीट साधारण 62 हजारांत पडेल. फक्त बोनसमुळे ट्रिप ठरवू नका, ट्रिपमुळे बोनस घ्या.

प्रश्न: एकाच विमानाची एकच सीट एका साइटवर 55 हजार माइल्सला आणि दुसऱ्या साइटवर दीड लाखाला कशी काय? कोण चुकतंय?

उत्तर: कुणीच चुकत नाहीये. विमान ज्या कंपनीचं असतं तिच्याच माइल्सवर ते बुक करावं लागतं असा बहुतेकांचा समज असतो, आणि सगळी गंमत तर तिथेच आहे की तसं नसतं. एअरलाइन्सचे मोठे गट असतात, त्यांना अलायन्स म्हणतात. स्टार अलायन्स 1997 मध्ये पाच एअरलाइन्सनी मिळून सुरू केली, वनवर्ल्ड 1999 मध्ये आली, स्कायटीम 2000 मध्ये. एका अलायन्समधल्या कंपन्या एकमेकींच्या विमानातल्या थोड्या सीट एकमेकींच्या मेंबरांना देतात, आणि त्या सीटला किती माइल्स घ्यायचे ते ज्याच्या साइटवर तुम्ही बुक करता तो ठरवतो, विमानवाला नाही. म्हणून जपान एअरलाइन्सच्या विमानात तुम्ही अमेरिकन एअरलाइन्सच्या माइल्सवर बसू शकता, ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिऑस नावाच्या पॉइंट्सवर बसू शकता, नाहीतर जपान एअरलाइन्सच्या स्वतःच्या माइल्सवर, सीट तीच, आकडे तीन. आणि अलायन्सच्या बाहेरच्या पण जोड्या असतात, एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही तरी क्वांटासच्या पॉइंट्सवर तिची तिकिटं निघतात, व्हर्जिन अटलांटिक स्कायटीममध्ये आहे तरी तिच्या पॉइंट्सवर स्टार अलायन्समधल्या एएनए या जपानी एअरलाइनचं तिकीट निघतं. या जोड्या माहीत असणं म्हणजेच निम्मं काम.

दुसरं कारण म्हणजे किंमत लावायची पद्धत. पूर्वी सगळ्यांचे चार्ट असायचे, या भागातून त्या भागात जायला इतके माइल्स, संपलं. डेल्टाने 2015 मध्ये आपला चार्ट साइटवरून काढून टाकला, युनायटेडने 2019 मध्ये काढला, आणि तेव्हापासून त्यांच्या स्वतःच्या विमानांचे माइल्स तिकिटाच्या किमतीबरोबर वरखाली होतात, सुट्ट्यांच्या दिवसांत तर विचारूच नका. तुम्हाला दिसलेला दीड लाखाचा आकडा बहुतेक तसलाच असणार. ज्यांचे चार्ट अजून शिल्लक आहेत, म्हणजे एव्हिऑसमध्ये अंतरावर, एअरोप्लानमध्ये बहुतेक पार्टनरच्या विमानांना भाग आणि अंतर दोन्हीवर, तिथे आधी बघत जा. एव्हिऑसबद्दल एक लक्षात ठेवा, तिथे सहसा प्रत्येक उड्डाणाचे माइल्स वेगळे मोजून बेरीज होते म्हणून छोट्या सरळ फ्लाइटला ते फार छान पडतं आणि दोन-तीन विमानं बदलत जायचं असेल तर महाग पडत जातं.

प्रश्न: माइल्सवर तिकीट फुकट असतं म्हणून काढायला गेलो तर टॅक्सच एवढा दाखवला की जवळजवळ तेवढ्यात साधं तिकीट येतं. ही फसवणूक नाही का?

उत्तर: तुमचा राग बरोबर आहे, फक्त तो सगळा टॅक्स नसतो हे आधी समजून घ्या. त्या आकड्यात दोन गोष्टी एकत्र असतात. एक म्हणजे खरोखरचा सरकारी आणि विमानतळाचा कर, तो कुणालाच चुकत नाही. दुसरी म्हणजे एअरलाइनने स्वतः लावलेला सरचार्ज, इंधनाच्या नावाखाली सुरू झालेला, तिकिटावर तो वायक्यू किंवा वायआर अशा कोडने येतो, आणि तो पैसा सरकारकडे जात नाही, एअरलाइनकडेच राहतो. ब्रिटिश एअरवेजच्या लांबच्या फ्लाइटला तो भरपूर असतो हे सगळ्या माइल्सवाल्यांना माहीत आहे.

पण हा सरचार्ज तिकीट कुणाकडे काढता त्यावर पण असतो. युनायटेडच्या माइल्सवर पार्टनरचं विमान घेतलं तर ती हा सरचार्ज लावत नाही, एअरोप्लानने 2020 मध्ये नवीन प्रोग्राम आणला तेव्हा तो काढून टाकला आणि त्याऐवजी पार्टनरच्या तिकिटाला एक ठरावीक छोटी फी ठेवली. म्हणजे तेच लुफ्थान्साचं विमान लुफ्थान्साच्या स्वतःच्या माइल्सवर काढलं तर सरचार्ज, आणि एअरोप्लानवर काढलं तर नाही. माइल्सचा आकडा आणि पैशाचा आकडा दोन्ही शेजारी शेजारी लिहून बघायची सवय लावा, नुसते माइल्स बघून खूश होऊ नका.

सरकारी कराचंही थोडं डोकं लावता येतं. ब्रिटनमधून उडताना एअर पॅसेंजर ड्युटी नावाचा कर लागतो, लांबच्या प्रवासाला जास्त आणि बिझनेस क्लासला त्याहून जास्त, पण तो उडताना लागतो, उतरताना नाही. त्यामुळे लंडनला जायचं ते माइल्सवर जायचं, तिथून ट्रेनने पॅरिसला यायचं आणि परतीचं विमान पॅरिसहून धरायचं, असं करणारे पुष्कळ लोक आहेत आणि असाही त्यांना पॅरिस बघायचाच असतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत हा कर माफ आहे, ते पण कुटुंबवाल्यांनी लक्षात ठेवावं. उलट अमेरिकेतून उडताना तिथला सुरक्षा कर एका बाजूला फक्त 5.60 डॉलर असतो, म्हणून अमेरिकेच्या आतल्या फ्लाइट माइल्सवर काढल्या की खरोखर जवळजवळ फुकट वाटतात.

प्रश्न: बँकेच्या पोर्टलवर पॉइंट्स देऊन सरळ कुठलंही तिकीट घेता येतं. मग ही ट्रान्सफरची कटकट कशाला?

उत्तर: कधीकधी खरंच नको असते. हिशोब करा, सोपा आहे. रोख तिकिटाच्या किमतीतून अवॉर्ड तिकिटावर भरावा लागणारा टॅक्स वजा करायचा आणि जे राहील त्याला माइल्सने भागायचं. समजा तिकीट 900 ला आहे, चलन कुठलंही असो, अवॉर्डवर टॅक्स 150 आणि माइल्स 30 हजार, म्हणजे 750 भागिले 30 हजार, एका माइलला 0.025. दुसरं तिकीट 300 चं, टॅक्स 60, माइल्स 24 हजार, म्हणजे 240 भागिले 24 हजार, 0.01. पोर्टलवर पॉइंटला किती मिळतात ते बँक सांगतेच, समजा तिथे 0.0125 मिळतात, तर पहिल्या तिकिटाला ट्रान्सफर करा आणि दुसऱ्याला पोर्टल बरं. पोर्टलवरचं तिकीट एअरलाइनच्या दृष्टीने साधं विकत घेतलेलं तिकीट असतं म्हणून त्यावर सहसा नवीन माइल्सही मिळतात, अवॉर्डवर मिळत नाहीत, तेही मनात धरा.

फक्त एक गोष्ट. बिझनेस क्लासचं रोख तिकीट 5000 चं आहे म्हणून माझ्या माइल्सला केवढी किंमत आली असं बरेच जण म्हणतात, पण ते 5000 तुम्ही कधीच दिले नसते ना? मग जे तुम्ही एरवी खरोखर खर्च केले असते तोच आकडा हिशोबात घाला, मोह आवरतो.

प्रश्न: आम्ही दोघं आणि दोन मुलं. चार सीट एकत्र बिझनेसमध्ये कधीच दिसत नाहीत, इकॉनॉमीतही दिसल्या तर भयंकर माइल्स मागतात. कुटुंबाने हा नाद सोडून द्यावा का?

उत्तर: सोडू नका, पण शोधायची पद्धत बदला. चार सीट म्हणून शोधलं आणि स्वस्तातल्या तीनच शिल्लक असल्या तर बऱ्याच साइट चारही जणांना महागातला दर दाखवतात, किंवा काहीच नाही म्हणून मोकळ्या होतात. म्हणून आधी एक सीट टाकून बघा, मग दोन, मग तीन, म्हणजे कळेल खरं किती आहेत ते. तीन स्वस्त आणि एक महाग असं वेगवेगळं बुक केलं तरी एकूण कमी लागतात. फक्त बुकिंग वेगळं असलं की एअरलाइनला तुम्ही एकत्र आहात हे माहीत नसतं, म्हणून फोन करून दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्या, आणि प्रत्येक बुकिंगमध्ये एक तरी मोठं माणूस ठेवा, हे अगदी न चुकता.

बिझनेसच्या सीट एअरलाइन्स पार्टनरला बऱ्याचदा एक किंवा दोनच देतात, चारची आशा फार कमी. दोन-दोन करून एक दिवस मागे-पुढे जायची तयारी असेल, नाहीतर एक जण एका मुलाबरोबर या विमानात आणि दुसरा दुसऱ्याबरोबर त्या विमानात, तर जमतं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असंच केलं, दोघं सकाळच्या फ्लाइटने आणि दोघं संध्याकाळच्या, मुलांना तर ते भारीच वाटलं.

वेळेचं म्हणाल तर दोन खिडक्या असतात. एक म्हणजे कॅलेंडर उघडतं तेव्हा, बहुतेक एअरलाइन्स उड्डाणाच्या साधारण 330 ते 360 दिवस आधी तिकिटं सुरू करतात, ब्रिटिश एअरवेज 355 दिवस आधी, अमेरिकन 331 दिवस आधी, आणि शाळेच्या सुट्टीत जायचं असेल तर तुमच्यासाठी हीच खिडकी. दुसरी खिडकी शेवटच्या दोन आठवड्यांची, न विकल्या गेलेल्या सीट तेव्हा बाहेर पडतात, पण मुलांची शाळा, व्हिसा, हॉटेल हे सगळं धरलं तर चौघांनी त्यावर विसंबू नये, एकट्या-दुकट्याने खुशाल विसंबावं. मधल्या सहा महिन्यांत शोध घेऊन दमण्यात अर्थ नाही. आणि कॅन्सल करता येईल असं साधं इकॉनॉमीचं अवॉर्ड आधी हातात ठेवा, मग वरच्या सीटची वाट बघा, झोप लागते शांत.

माइल्स चार अकाउंटात विखुरलेले असतील तर एकत्र करायची सोय आहे का बघा. ब्रिटिश एअरवेजमध्ये सात जणांचं हाउसहोल्ड अकाउंट करता येतं, एअरोप्लानमध्ये आठ जणांचं, युनायटेडने 2024 मध्ये पाच जणांपर्यंत पूल करायला दिलंय. आणि माइल्स तुमचे असले तरी तिकीट दुसऱ्याच्या नावाने काढता येतं बहुतेक ठिकाणी, हे पुष्कळांना माहीतच नसतं. मांडीवरचं बाळ असेल तर आधी चौकशी करा, एव्हिऑसमध्ये बाळाला मोठ्या माणसाच्या 10 टक्के एव्हिऑस लागतात ते परवडतं, पण काही एअरलाइन्स आंतरराष्ट्रीय प्रवासाला रोख भाड्याच्या 10 टक्के मागतात, आणि बिझनेसच्या रोख भाड्याचे 10 टक्के म्हणजे केवढे झाले बघा, धक्का बसतो.

प्रश्न: अवॉर्ड तिकीट कॅन्सल केलं तर माइल्स बुडतात का? आणि पहिलं विमान सोडून मधल्या शहरातून बसलं तर चालेल का?

उत्तर: सहसा बुडत नाहीत, उड्डाणाच्या आधी कॅन्सल केलं तर माइल्स खात्यात परत येतात आणि टॅक्स कार्डावर, कुठे फी घेतात कुठे नाही. अमेरिकन आणि युनायटेड माइल्स परत टाकायची फी घेत नाहीत. या बाबतीत अवॉर्ड तिकीट स्वस्तातल्या रोख तिकिटापेक्षा चांगलंच. पण न कळवता विमानाला गेलाच नाहीत तर काही खरं नाही, नियम प्रत्येकाचे वेगळे, विमान चुकणार हे कळल्याबरोबर उड्डाणाच्या आधी कॅन्सलचं बटण दाबा, रस्त्यात ट्रॅफिकमध्ये असलात तरी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम नाही. पहिला टप्पा सोडला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीचा सुद्धा. येणं-जाणं दोन वेगवेगळी तिकिटं म्हणून काढा, बहुतेक प्रोग्राममध्ये एकेरी अवॉर्डला बरोबर निम्मेच माइल्स लागतात, मग एका बाजूचा घोळ दुसऱ्या बाजूला लागत नाही.

प्रश्न: पॉइंट्ससाठी मोठी खरेदी कार्डावर केली आणि बिल हप्त्याहप्त्याने फेडलं तर चालेल ना?

उत्तर: नाही. थकलेल्या बिलावरचं एक-दोन महिन्यांचं व्याजच त्या खरेदीवर मिळालेल्या पॉइंट्सच्या किमतीच्या वर जातं. ज्या महिन्यात पूर्ण बिल भरणं जमणार नाही त्या महिन्यात पॉइंट्स विसरा आणि कार्ड घरी ठेवा, आधी कर्ज संपवा मग इकडे या. हे सगळे प्रोग्राम वर्षानुवर्षं चालणार आहेत.

प्रश्न: एक जण माइल्स विकत देतोय, अर्ध्या किमतीत बिझनेस क्लास म्हणतो. घेऊ का?

उत्तर: अजिबात नको. माइल्स विकायला जवळजवळ सगळ्या प्रोग्रामच्या नियमांत बंदी आहे, पकडलं की तिकीट रद्द होतं, कधी अर्ध्या प्रवासात, आणि परदेशात अडकून पडलेले तुम्ही असता, विकणारा नाही. स्वतः एअरलाइन माइल्स विकते ते वेगळं, ते कायदेशीर आहे, एखादं तिकीट काढायला दोन-तीन हजार कमी पडत असतील तर घ्यावेत, साठवून ठेवायला घेऊ नयेत.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको सहा वर्षं पॉइंट्स साठवतोय, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला फिरायला जायचं म्हणून. कार्डाचे आणि एअरलाइनचे मिळून 3 लाखांच्या वर झालेत. अजून तीन वर्षं आहेत. ठेवावेत ना असेच?

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार छान वाटलं आणि म्हणूनच मनापासून सांगते, एवढे पॉइंट्स अजून तीन वर्षं नुसते ठेवू नका.

माइल्स म्हणजे बँकेतली ठेव नाही. त्याच्यावर व्याज मिळत नाही, आणि त्याची किंमत काय हे ज्याने ते छापले तोच ठरवतो, वाटेल तेव्हा बदलतो. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये आपला प्रोग्राम सुरू केला तेव्हा विमानात बसलं की माइल्स मिळायचे, आता त्यातले ढिगाने माइल्स बँका एअरलाइनकडून विकत घेतात आणि कार्डवाल्यांना वाटतात. हा धंदा केवढा मोठा आहे ते 2020 मध्ये दिसलं, विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपला माइल्सचा प्रोग्राम तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले. जेवढे माइल्स जास्त छापले जातात तेवढ्या सीट काही वाढत नाहीत, मग दर वाढतो. आज 60 हजारांना असलेली सीट तीन वर्षांनी 80 हजारांना झालेली असू शकते आणि तुम्हाला कुणी आधी कळवायला बांधील नसतं.

मुदतीचंही बघा. डेल्टा आणि युनायटेडचे माइल्स संपत नाहीत. अमेरिकनचे 24 महिने खात्यात काहीच हालचाल नसली की जातात, एव्हिऑस 36 महिन्यांनी, यांना एखादा छोटा व्यवहार केला, कार्डावरून हजारभर पॉइंट्स हलवले तरी चालतं, घड्याळ पुन्हा सुरू होतं. पण सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरसारख्या प्रोग्राममध्ये मिळाल्यापासून 36 महिने म्हणजे 36 महिने, हालचाल केलीत तरी साध्या मेंबराचे जातातच. आणि कंपनीच बुडाली तर? एअर बर्लिन ऑगस्ट 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच महिन्यात तिचा टॉपबोनस प्रोग्रामही, लोकांचे माइल्स कवडीमोल झाले. अलायन्सपण बदलतात, एसएएस ही स्कँडिनेव्हियाची एअरलाइन स्टार अलायन्सची संस्थापक कंपनी, 2024 मध्ये ती स्टार सोडून स्कायटीममध्ये गेली, ज्यांनी तिच्या माइल्सवर लुफ्थान्साने जायचं मनात धरलं होतं त्यांचा बेत तिथेच मोडला.

तर मी काय करीन ते सांगते. एअरलाइनच्या खात्यात जे अडकलेत ते आधी संपवा, पुढच्या वर्षभरात, एखादी छोटी ट्रिप करा दोघांनी, पंचविसाव्याच्या आधी तेविसावा-चोविसावा पण साजरा होऊ दे की. यात दुसराही फायदा आहे, एकदा स्वतः अवॉर्ड शोधून, बुक करून, बसून आलात की मोठ्या ट्रिपच्या वेळी हात बसलेला असेल. कार्डाचे पॉइंट्स तसेच कार्डावर ठेवा, ते पाच-दहा दारं उघडतात म्हणून त्यांना धोका कमी, फक्त कार्ड बंद करायचं झालं तर आधी पॉइंट्सची सोय करा, बऱ्याच बँकांमध्ये कार्डाबरोबर पॉइंट्सही जातात.

आणि पंचविसाव्याच्या ट्रिपमध्ये मधे एखाद्या शहरात थांबायचं असेल तर ते पण आत्तापासून डोक्यात ठेवा. एअरोप्लानमध्ये एकेरी तिकिटावर 5 हजार पॉइंट्स जास्त देऊन मधल्या शहरात 45 दिवसांपर्यंत राहता येतं, एअर फ्रान्स आणि केएलएमच्या फ्लाइंग ब्लू प्रोग्राममध्ये तर थांबा फुकट मिळतो, म्हणजे एका तिकिटात दोन जागा बघून होतात. या प्रोग्रामना तुमची बँक ट्रान्सफर देते का ते बघून ठेवा, दोघांची अकाउंटं उघडा, पासपोर्टवरचंच नाव घाला. तारीख पक्की असेल तर तिच्या 360 दिवस आधीचा रिमाइंडर मोबाइलमध्ये आजच लावा, आणि तो वाजला की रोज सकाळी एकदा सीट बघायला लागा. सापडली की मला नक्की कळवा, कुठल्या एअरलाइनवर किती माइल्सना मिळाली ते या सदरात इतरांनाही सांगीन.